अष्टमीचं उधाण

मुक्ता आणि निहाल,

गेल्या रविवारी फोनवर मुक्ता रडली, म्हणून हे लिहायला बसले. मुक्ता, तू ज्या चित्रपटमालेवर जीव टाकतेस तिच्या जगात तू स्वतः रचलेली एक गोष्ट इंटरनेटवर टाकली होतीस, आणि त्या गोष्टीतला तुझा आंधळा पक्षीपालक तुला कुणा नावाजलेल्या बाईंच्या नव्या कादंबरीत भेटला, पिंजऱ्यांसकट. तुझी आई मागून म्हणत होती, "सोडून दे, मोठं मन कर." निहाल म्हणाला, कल्पनेवर कुणाची मालकी नसते. तो कायदा शिकतो आहे, त्याला ठाऊक असेल. मी त्या वेळी गप्प राहिले, कारण मला जे सुचत होतं ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. आता नीट, क्रमाने सांगते. मोठं मन करण्याचा सल्ला तुझ्या वयाची असताना तुझ्या या आजीलाही मिळाला होता. मी तो पाळला नाही, आणि इतक्या वर्षांत मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. हे तुमच्या आईने वाचलं तरी हरकत नाही.

आमचं घर म्हणजे रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या चाळीतल्या दोन खोल्या. भिंती उघड्या चिऱ्याच्या, पावसाळ्यात त्यांना हात लावला की तळहात लाल व्हायचा. माझी आई मी लहान असतानाच गेली. घरात मी, माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणायची, आणि त्यांची विधवा बहीण, माझी आत्या. अण्णा बंदर कचेरीत कारकून होते. मी पाळण्यात असताना त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या दिवसापासून त्यांनी आयुष्यात एकही गोष्ट अर्धवट केली नाही. सदरा रोज धुतलेला, जोडा रोज पुसलेला. कचेरीच्या दाराबाहेर एक काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी होड्या सुटण्याआधी अण्णा खडूने तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ आणि पाण्याची उंची लिहीत. ज्यांना वाचता येत नसे ते त्यांना विचारून जात. अमावास्या आणि पौर्णिमा आली की समुद्र सगळ्यात जास्त चढतो, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमाराला तो सगळ्यात कमी हलतो, त्याला भांग म्हणतात, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब अण्णांनी मला फळ्यासमोर उभं करूनच शिकवला. आकडा लिहून झाला की ते दोन पावलं मागे सरकून तो पुन्हा वाचत. मी विचारलं, "एकदा लिहिलंत ना, परत कशाला वाचता?" तर म्हणाले, "एकदा लिहिलेलं फक्त मी वाचलेलं असतं. आता दुसरा वाचणार आहे."

आत्या अगदी दुसऱ्या टोकाची. काळी कुळकुळीत, विषमज्वरात केस गेले ते तिने पुन्हा वाढवले नाहीत, मानेवर कापून टाकायची. घरात ती दिवसचे दिवस बोलत नसे. तांदळाची भाकरी थापायची, कुळथाची पिठी ढवळायची, मी काही विचारलं तर मानेने हो-नाही. पण ओहोटी लागली की लहानशी लोखंडी कोयती आणि टोपली घेऊन ती खडपावर जायची. खडप म्हणजे पाणी उतरल्यावर उघडे पडणारे किनाऱ्यावरचे खडक. त्यांना चिकटलेली कालवं बायका शिंपला फोडून काढतात. तिथे पोचली की आत्याला वाचा फुटे. गाणी, शिव्या, नकला, गावातल्या प्रत्येकाच्या चालण्याची टिंगल, सगळ्या बायकांत तिचा आवाज वर. पाणी चढायला लागलं की टोपली डोक्यावर घ्यायची आणि घरी येईपर्यंत पुन्हा मुकी. संध्याकाळी त्या कालवांचं ओलं खोबरं घातलेलं सुकं व्हायचं. त्याचा वास चाळीच्या दुसऱ्या टोकाला जायचा. मी नंतर मोठ्या हॉटेलांत लिंबू पिळलेली, बर्फावर मांडलेली कालवं खाल्ली आहेत. ती मला आजारी माणसाच्या पथ्यासारखी लागतात.

आत्याचं दुसरं वेड म्हणजे सिनेमा. बाजारातल्या थिएटरात तीनच्या खेळाला ती मला घेऊन जायची, बहुधा जादूच्या आणि राक्षसांच्या चित्रपटांना. उडते घोडे, पाताळातले महाल, हातातून निघणाऱ्या विजा. मी शाळेत इंग्रजी शिकायला लागले तशी मला अक्कल फुटली. एकदा मी तिला म्हटलं, "आत्ये, घोड्याला बांधलेली तार दिसतेय बघ." ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "तार दिसली म्हनून घोडा उडत नाय असं कुठं हाय गं?" पुढे एम.ए.ला असताना मी अद्भुतरम्य साहित्यावर जाड जाड पुस्तकं वाचली. आत्याच्या या वाक्याच्या पुढे गेलेलं पुस्तक मला भेटलं नाही.

त्या काळात मुलांच्या एका मासिकात वसंत टाकळीकर नावाच्या पुण्याच्या लेखकाची 'प्रवाळगड' ही कादंबरी क्रमशः येत असे. समुद्राच्या तळाशी बुडालेला पोवळ्यांचा किल्ला, तिथे कैद असलेला राजा, आणि त्याला सोडवायला निघालेला राजकुमार. मासिक एस.टी.ने यायचं. पार्सल फुटायच्या आधी मी वाचनालयाच्या पायरीवर बसलेली असायची. प्रकरण मी आधी एकटी वाचायची आणि मग स्वयंपाकघरात बसून आत्याला वाचून दाखवायची, कारण तिला अक्षरओळख नव्हती. हे नीट लक्षात घ्या: टाकळीकर वाईट लेखक असते तर मला राग आला नसता. त्यांचं एकेक वाक्य मला पाठ होतं. ते समुद्र न पाहता समुद्र लिहीत, हे मला कळत होतं, आणि ते मला तेव्हा मोठेपणच वाटत होतं. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. हिरवी शाई, मोत्यासारखं अक्षर. "चि. कुसुम, तुझ्या पत्राने आनंद झाला. तुमच्या कोकणची अशीच माहिती कळवीत जा." ते कार्ड मी उशीखाली ठेवलं नाही, कारण दुमडलं असतं. भिंतीतल्या कोनाड्यात उभं ठेवलं.

दीड वर्षात मी त्यांना सतरा पत्रं लिहिली. प्रत्येकाची नक्कल एका वहीत करून ठेवली, कारण अण्णांच्या घरात कुठलाही कागद नक्कल ठेवल्याशिवाय बाहेर जात नसे. होड्यांची नावं, माशांचे रंग, वारा कुठून सुटला म्हणजे काय होतं, सगळं लिहिलं. आणि नवव्या पत्रात मी त्यांना खडपी दिली. खडपी म्हणजे खडपावर जन्मलेली एक काळी, आखूड केसांची मुलगी, हातात कोयती. ती फक्त ओहोटीला बोलू शकते. पाणी खडकांवर चढलं की तिची वाचा जाते, आणि प्रवाळगडाची वाट फक्त तिला ठाऊक आहे. म्हणजे वाट विचारायची तर थांबून पाणी उतरायची वाट पाहायला हवी. मला ते फार आवडलं होतं. मी आत्याला सांगितलं, "तुला गोष्टीत घातलंय." ती भाकरी उलटत म्हणाली, "बरं." पण त्या महिन्यात तिने मला दोनदा विचारलं, "आली का गं मी?"

ती आली. तीन महिन्यांनी नव्या प्रकरणात राजकुमाराला एक मुलगी भेटली, जी फक्त ओहोटीला बोलू शकते. तिचं नाव नीलांगी. गोरीपान, गुडघ्यापर्यंत केस, समुद्रराजाची हरवलेली कन्या. कोयतीच्या जागी हातात वीणा. मी आधी आनंदाने किंचाळले. मग अंक शेवटच्या पानापर्यंत चाळला, कारण संपादक वाचकांच्या सूचनांचे आभार तिथे मानत असत. माझं नाव नव्हतं. पुढच्या अंकात येईल म्हणून थांबले. पुढच्या अंकातही नव्हतं. त्या अंकात नीलांगी राजकुमाराच्या प्रेमात पडली होती आणि मासिकाला तिच्याविषयी शेकड्यांनी पत्रं आल्याचं संपादकांनी चौकटीत छापलं होतं. लेखकाच्या अलौकिक प्रतिभेची ही मानसकन्या, असे शब्द होते. त्या संध्याकाळी आत्याला वाचून दाखवताना मी नीलांगीचे केस कापले, तिला काळी केली आणि वीणा काढून घेतली. जे छापलेलं नाही ते वाचायची माझी ती पहिली वेळ. आत्या म्हणाली, "बरी जमलेय."

त्याच वर्षी वाचनालयाच्या समारंभाला टाकळीकर रत्नागिरीला आले. गावातल्या एका वकिलांच्या बंगल्यावर उतरले होते. अण्णा मला घेऊन गेले. मी परकर-पोलकं इस्त्री करून घातलेलं, अण्णांच्या हातात आत्याने दिलेली कोकमाच्या आगळाची बाटली. टाकळीकर ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. मी नाव सांगितल्यावर ते खरोखर आनंदले. "अरे! हीच का आमची रत्नागिरीची कुसुम? मला वाटलं होतं, चष्मेवाली असशील." मग अण्णांकडे वळून, "जाधव म्हणजे कुठले जाधव आपण?"

"इथलेच," अण्णा म्हणाले. "आम्ही बौद्ध. मी बंदर कचेरीत असतो."

"हो का. छान," ते म्हणाले, आणि पुन्हा माझ्याकडे वळले. वकिलांच्या घरातून टाकळीकरांसाठी चहा आला. आमच्यासाठी आला नाही. अण्णांनी त्याचा पुढे कधीही उल्लेख केला नाही, म्हणून मी करते.

मी विचारलं, "नीलांगी म्हणजे माझी खडपीच ना?"

ते मोठ्याने हसले. "बाळ, अगं समुद्र काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतो? कल्पना वाऱ्यावर असतात. ज्याला पकडता येते त्याची. तू मूठभर मीठ दिलंस, मान्य. पण स्वयंपाक कुणी केला?"

"पण ती काळी होती."

"काळ्या राजकन्येचं चित्र कोण काढणार सांग बरं? मोठी झालीस की समजेल." मग बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "बरं झालं भेटलीस. आता शेवट लिहायचाय. नीलांगी राजकुमाराचं जहाज खडकांच्या रांगेवरून पलीकडे नेते, मोठ्या उधाणात. तर ते उधाण केव्हा येतं, कसं येतं, सगळं मला सविस्तर कळव. या आठवड्यात हं."

दोन हातांच्या अंतरावर अण्णा उभे होते, बंदर कचेरीतला माणूस, ज्याच्या अक्षरावर अख्ख्या बंदराच्या होड्या सुटत होत्या. टाकळीकरांनी त्यांना एवढंच विचारलं असतं, "काय हो जाधव, उधाण कधी येतं?" तर अण्णांनी उभ्या उभ्या वर्षभराच्या तिथी सांगितल्या असत्या, आणि मी पुढे काहीच करू शकले नसते. पण त्यांनी विचारलं नाही. आम्ही बौद्ध हे कळल्यानंतर त्यांची नजर अण्णांवर एकदाही टेकली नाही. मी आजवर अनेक विद्वान माणसं बघितली. ज्याला ठाऊक आहे तो समोर उभा असताना दुसऱ्याला पत्राने विचारायची ही रीत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची.

परत येताना चढावर अण्णा म्हणाले, "माहिती मागितलीय, तर पाठव. माहिती कुणाची अडवू नये. आणि मन मोठं ठेव."

मी माहिती अडवली नाही. अठरावं पत्र मी चार दिवस लिहीत होते. नुसती खोटी माहिती दिली असती तर त्यांनी ती पंचांगात पडताळून पाहिली असती. त्यांना पडताळावंसं वाटू नये इतकी ती सुंदर व्हायला हवी होती. वहीतल्या नकलेवरून जसंच्या तसं देते: "आमच्याकडे सर्वांत मोठे उधाण अष्टमीला येते. त्या रात्री चंद्र अर्धाच असतो, आणि उरलेला अर्धा शोधायला समुद्र वर चढतो." असं काहीही नसतं. अष्टमीला भांग असतो, समुद्र आजारी माणसासारखा पडून असतो, रिकामी होडीदेखील खडकावरून पलीकडे जात नाही. हे आमच्या बंदरावर शेंबड्या पोराला ठाऊक होतं. ते पत्र मी स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकलं. माझी इच्छा अगदी स्पष्ट होती. त्यांना रत्नागिरीच्या माणसांनी हसावं, आणि ते हसणं मी माझ्या कानांनी ऐकावं.

प्रकरण छापून आलं. माझी दोन वाक्यं शब्दशः, प्रकरणाच्या अगदी वरती. आणि काहीच झालं नाही. कुणी हसलं नाही. मासिक वाचणारी मुलं समुद्रावर फक्त फिरायला जायची, आणि समुद्रावर जगणारी माणसं मासिक वाचत नव्हती. अण्णा कादंबऱ्या वाचत नसत. पुस्तक निघालं, त्याला कसलंसं बक्षीस मिळालं, शिक्षक वर्गात ती दोन वाक्यं उत्तम कल्पनेचं उदाहरण म्हणून फळ्यावर लिहून दाखवायला लागले. मी पहिल्या बाकावर बसून ती उतरवून घेत होते. त्या दोन वर्षांत मी जेवढी चिडले तेवढी नंतर कधी चिडले नाही. माझा सापळासुद्धा त्यांच्याच नावावर जमा झाला होता.

मग 'प्रवाळगड'चा चित्रपट निघाला. एका गाण्याचं चित्रीकरण गणपतीपुळ्याच्या वाळूत झालं होतं, म्हणून रत्नागिरीत त्याचा बोलबाला, आणि पहिल्या दिवशी तीनच्या खेळानंतर लेखकाचा सत्कार ठरला. थिएटर तुडुंब भरलं. यावेळी बंदर आलं होतं. तांडेल, खलाशी, जाळी विणणारे, मासे विकणाऱ्या बायका टोपल्या बाहेर रचून. अण्णांना रजा मिळाली नाही. मी आणि आत्या बाकावर बसलो होतो, आमच्या मागच्या रांगेत हसन तांडेल, ज्याची होडी बंदरावर सगळ्यात जुनी.

नीलांगी पडद्यावर आली. गुलाबी झिरझिरीत कपडे, कमरेला मोत्यांच्या माळा, पापण्यांवर चमकी. आत्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ही कोन गं?" इतकी वर्षं मी तिला तिचीच गोष्ट वाचून दाखवली होती, दुरुस्त करून. आता पडद्यासमोर काय दुरुस्त करणार? मी म्हटलं, "ही तू." आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इतके मोती घालून खडपावर बसली तर ढुंगान सोलून निघंल हिचं." आमच्या आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. आत्या हसली नाही.

आणि शेवट आला. पुठ्ठ्याचा अर्धा चंद्र वर लटकला, वीणा वाजली, नीलांगीने हात पसरून सांगितलं की आज अष्टमी आहे, राजकुमारा, आज समुद्र उरलेला अर्धा चंद्र शोधायला वर चढेल. जहाज भराभरा उचललं गेलं. मग हसन तांडेलाचा आवाज आला, होडीवरून होडीला हाक मारावी तसा.

"आरं, अष्टमीला उधान? ह्याला कुनी सांगितलान?"

थिएटर फुटलं. कुणी शिटी मारली, कुणी म्हणालं, "भांगात गलबत चढवतोय, उद्या रत्नदुर्गावर नेऊन लावील!" एक मासेवाली ओरडली, "दादल्या, ऊठ, आज अष्टमी, होडी छपरावर काढ!" राजाची सुटका झाली, लग्न लागलं, पण कुणाला ऐकू आलं नाही. मी डोळे मिटून ते हसणं ऐकलं. दोन वर्षं थांबले होते, सगळं ऐकलं.

दिवे लागले, पडद्यासमोर टेबल मांडलं गेलं. टाकळीकरांच्या अंगावर शाल चढवली, पण हसणं थांबेना. "साहेब, पंचांग कुठलं वापरता?" मागून कुणी विचारलं. टाकळीकर लाल झाले. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मी पुण्याचा माणूस. मला समुद्राचं काय कळतं? ही माहिती मला तुमच्याच गावच्या मुलीने लिहून दिली. बंदर कचेरीतल्या जाधव कारकुनाची मुलगी. तिचं पत्र आहे माझ्यापाशी. तेव्हा चूक असलीच, तर ती तुमच्या गावची आहे!"

अख्खं थिएटर आमच्या बाकाकडे वळलं. हे मी योजलं नव्हतं. त्यांनी अण्णांचं नाव घेतलं होतं, ज्या एका बाबतीत अण्णा कधी चुकले नव्हते त्या बाबतीत, ज्या लोकांसमोर चुकायचं नाही त्या लोकांसमोर. मी उठून उभी राहिले.

"मी कुसुम जाधव. उधाण माझ्या पत्रातलं आहे, कबूल. मी ते मुद्दाम खोटं लिहिलं. माझ्या वडिलांनी नाही. आता त्याच पत्रांतली, ओहोटीला बोलणारी मुलगी कुणाची, तेही सांगा."

टाकळीकर शालीची घडी नीट करायला लागले.

"सांग की रं!" हसन तांडेल ओरडला. "चूक पोरीची न् बाई तुझी?"

याच्यावरचं हसणं वेगळं होतं. ते माझ्या बाजूचं होतं. मॅनेजरने घाईने चित्रपटाच्या गाण्याची तबकडी लावली आणि टाकळीकर बाजूच्या दाराने गेले. दिलेला नारळ टेबलावरच राहिला. त्यांच्याकडून मला पुन्हा पत्र आलं नाही. पुढच्या आवृत्तीत आभार आले नाहीत. फक्त त्यानंतर ते कधी रत्नागिरीला आले नाहीत, एवढं मी मिळवलं. बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात त्यांच्या निधनाची बातमी वाचली, त्या सकाळी मी केळं घालून शिरा केला. घरात दुसरं काही कारण नव्हतं. तुमच्या आजोबांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही. रवा होता."

पण त्या दिवसाचं अजून सांगायचं आहे. संध्याकाळी अण्णा घरी आले तेव्हा बंदराने त्यांना सगळं सांगितलेलं होतं. त्यांनी जोडे काढले, जागेवर ठेवले.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"म्हणजे चुकून नाही."

"नाही. त्यांनी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही, अण्णा."

"चहाचं मी बघून घेईन. उद्या एखादा पोरगा ते पुस्तक वाचून अष्टमीला होडी खडकावर घालील, त्याचं कोण बघणार?"

"ती कागदाची होडी होती."

"वाचणारा कागदाचा नसतो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. आत्या चुलीपाशी बसली होती. ती घरात, भरतीच्या वेळी, मोठ्याने म्हणाली, "तिनं केलान ते बरं केलान." अण्णांनी तिच्याकडे बघितलं आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. महिनाभर फळा मी लिहायचा, सगळ्यांदेखत, ही शिक्षा. पहिल्या पंधरवड्यात एकही होडी नुसतं माझं लिहिलेलं बघून सुटली नाही. माझ्या हातचं वाचायचं आणि मग आत जाऊन अण्णांना विचारायचं, "जाधवसाहेब, खरं काय ते सांगा." अण्णा प्रत्येकाला म्हणायचे, "बाहेर लिहिलंय तेच." अष्टमी आली तेव्हा अख्खं बंदर फळ्यासमोर जमलं. मी लिहिलं, भांग. हसन तांडेलाने वाचता येत नसताना डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "आज चंद्र शोधायला जायाचं नाय ना?" महिना संपेपर्यंत होड्या माझ्या आकड्यावर सुटायला लागल्या. लोक माझ्यावर विसंबले, याचा मला अभिमान वाटला. टाकळीकरांवरचा राग त्याने तसूभरही कमी झाला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला वाटत नाही, तुमच्या आईला वाटेल.

मुक्ता, तुला मी खोटं लिहायला सांगत नाही. त्याची किंमत अण्णांनी भरली, मी नाही. पण ज्याने घेतलं त्याला, ते घेतलं हे चारचौघांत ऐकवल्याशिवाय सोडू नकोस. मन त्यानंतर मोठं करता येतं.

काय राहिलं आहे तेवढं सांगून थांबते. आत्या गेली, मग अण्णा. थिएटर पाडून तिथे कपड्यांचं दुकान झालं आहे, आणि भरतीची वेळ आता सगळ्यांच्या फोनवर येते. 'प्रवाळगड' अजून छापलं जातं. चंद्राचं ते वाक्य लोक टाकळीकरांच्या नावाने एकमेकांना पाठवतात, गेल्या महिन्यात मलाही आलं. शिकवायला म्हणून मी रत्नागिरीला परत आले तेव्हा वाचनालयातून ते पुस्तक काढलं होतं, समासात माझं नाव लिहावं अशा वाईट विचाराने. तिथे आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. बंदर कचेरीत नोंद चुकली तर ती खोडत नसत. लाल शाईने एक रेघ ओढायची, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि खाली सही करायची. 'अष्टमीला' या शब्दावर लाल रेघ होती, शेजारी 'अमावास्येस व पौर्णिमेस', आणि खाली, 'गो. वि. जाधव, बंदर कचेरी, रत्नागिरी'. नीलांगी पहिल्यांदा येते ते पान उलटून बघितलं. तिथेही नावावर लाल रेघ होती. शेजारी 'खडपी', आणि खाली तीच सही. ती प्रत अजून वाचनालयात आहे.